‘एबीएस’चा दिवा पेटला? लगेच मॉड्यूल बदलू नका!

छत्रपती संभाजीनगर : पाऊस पडून गेला, गाडी काळ्या मातीच्या रस्त्याने शेतापर्यंत नेली आणि दुसऱ्या दिवशी मीटरवर पिवळा ‘एबीएस’ दिवा पेटला. जुनी स्कॉर्पिओ, सफारी वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. ‘मॉड्यूल गेलं’ असं ऐकलं की मोठ्या खर्चाची धास्ती बसते. पण दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

एबीएसचं काम काय?
चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम व्हायला लागलं, की मॉड्यूल ब्रेकचा दाब भराभर कमी-जास्त करतं. चाक फिरत राहतं, म्हणून स्टेअरिंग ताब्यात राहतं. कन्नडच्या औट्रम घाटात ओल्या वळणावर याची किंमत कळते. एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी कारना एबीएस सक्तीचं झालं. जुन्या गाड्यांच्या काही वरच्या मॉडेलमध्ये ते आधीपासून आहे.

आधी हे तपासा
- बॅटरीचा व्होल्टेज आणि एबीएसचा फ्यूज.
- सेन्सर आणि त्याच्या दातेरी रिंगवर बसलेला चिखल, गंज.
- दगड लागून तुटलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर.
- कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, व्हील बेअरिंगचा खेळ.

एबीएस वाचणारा स्कॅनर लावून कोड काढायला सांगा. एकाच चाकाचा कोड आला, तर आधी त्या चाकाचा सेन्सर आणि वायर बघा.

मॉड्यूलच बिघडलं असेल तर
उष्णता आणि हादऱ्यांमुळे आतल्या सर्किटचे सोल्डर किंवा बारीक तारा सुटतात. हे जोड जाणकार कारागीर दुरुस्त करू शकतो. अनेक गाड्यांत ब्रेकचे पाईप न खोलता फक्त इलेक्ट्रॉनिक भाग काढता येतो. पाईप खोललेच, तर सिस्टिममधली हवा काढणं आवश्यक. जुना मॉड्यूल घेताना पार्ट नंबर जुळवा. काही गाड्यांत कोडिंगही करावं लागतं. कामाची वॉरंटी लेखी घ्या.

हे लक्षात ठेवा
फक्त पिवळा दिवा असेल, तर साधे ब्रेक सहसा चालतात. मात्र जोरात दाबल्यास चाक जाम होऊ शकतं. वेग कमी ठेवा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर गाडी थांबवा, पुढे चालवू नका.

दिवा दिसू नये म्हणून बल्ब काढणं किंवा वायर तोडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. चावी फिरवल्यावर दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर आधी तेच विचारा.