बारा पायऱ्या आणि पाव गोळी

पुण्यातल्या कसबा पेठेत व्यसन म्हटलं की दारू, गुटखा, मटका ही नावं लोक पटापट घेतात. झोपेची गोळी त्यात कुणी धरत नाही. ती शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर एकाच डब्यात असते, डॉक्टरांनी दिलेली असते, मेडिकलमधून बिल करून आणलेली असते. मुलं उपनगरात किंवा परदेशी, नवरा गेलेला, रात्री डोळा लागत नाही म्हणून पंधरा दिवसांपुरती लिहून दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, आणि मग त्याच चिठ्ठीवर सरलेली कित्येक वर्षं. अशी सवय घरात कुणाच्या डोळ्यावर येत नाही. ती कळते गोळी संपते आणि दुकान बंद असतं त्या रात्री. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दर शंभरात १.०८ जण, म्हणजे सुमारे १.१८ कोटी लोक, वैद्यकीय सल्ल्याबाहेर गुंगीची औषधं घेतात. अशा लोकांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. चिठ्ठीवर रीतसर घेऊन अडकलेली माणसं या आकड्यात नाहीतच. अशा माणसाला दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांच्या मीटिंगचा उपयोग होतो का? माझं उत्तर ‘होतो’ असं आहे, मात्र मीटिंगने आपली मोजणी बदलली तरच.

मोजणी म्हणजे काय, ते मीटिंग कशी चालते हे पाहिल्यावर कळतं. शाळेचा वर्ग, चर्चची खोली, दवाखान्याचा हॉल, अशी फुकट किंवा नाममात्र भाड्याची जागा. खुर्च्या गोल मांडलेल्या. सुरुवातीला प्रार्थना, मग पुस्तकातला उतारा, मग एकेकाचं शेअरिंग. आधी पहिलं नाव आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ हे वाक्य. मग काही मिनिटं स्वतःबद्दल. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी करत नाही. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव नाही. जुना सभासद नव्याचा स्पॉन्सर होतो, म्हणजे रात्री-अपरात्री फोन उचलायची जबाबदारी घेतो. आणि शेवटी मोजणी: कुणाचे ३० दिवस, कुणाचे ९०, कुणाचं वर्ष. वर्ष पूर्ण झालं की टाळ्या आणि ‘वाढदिवस’. शेवटच्या घोटापासून धरलेले हे दिवस मीटिंगचं सगळ्यात मोठं बळ आहे, कारण दारूत आज प्यायलो की नाही याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. एक घोट घेतला की मोजणी पुन्हा शून्यावर.

गोळीच्या बाबतीत हीच रीत उलटते. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांच्या जातीची औषधं त्याचा परिणाम वाढवतात. महिनोन्महिने ती मिळत राहिली की मेंदू स्वतःची शांत होण्याची ताकद कमी करून घेतो. मग गोळी एकदम बंद केली तर घाम, थरथर, छातीत धडधड, दिवसेंदिवस झोप नाही, आणि काहींना चक्क फिट. अशी फिट जीवावर बेतू शकते. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात याच कामासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. त्यांची पद्धत अशी की शरीरातून लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी सावकाश उतरणारी डायझेपाम द्यायची आणि तिचा डोस एक-दोन आठवड्यांनी थोडा थोडा कमी करायचा. त्यांच्या हिशेबाने अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपाम. दर पंधरा दिवसांनी एक मिलिग्रॅम उतरवला तरी पाच महिने लागतात, आणि ही काही मोठ्या डोसची गोष्ट नाही. या पाच महिन्यांत रोज गोळी घेणं हाच उपचार असतो. अशा बाईला ‘तुझे दिवस शेवटच्या गोळीपासून’ असं सांगितलं तर पाच महिने तिच्या नावावर शून्य राहील. ती खोटं बोलेल, नाहीतर घाईने गोळी फेकून देईल. दुसरी शक्यता जास्त भीतीची.

मीटिंगवाल्यांना गोळीचा संशय येतो तो उगाच नव्हे. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू करणाऱ्या दोघांपैकी डॉ. बॉब पिण्याच्या काळात हातांची थरथर थांबवून काम करता यावं म्हणून भरमसाट गुंगीची औषधं घेत, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. दुसरे संस्थापक बिल यांनी १९४५ मध्येच संघटनेच्या मासिकात झोपेच्या गोळ्यांबद्दल सभासदांना सावध केलं होतं. आजही दारू सोडवताना पहिल्या काही दिवसांत फिट येऊ नये म्हणून क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम दिली जाते. ती वेळेवर थांबली नाही तर बाटलीची जागा स्ट्रिप घेते. जुन्या सभासदांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून ‘गोळी घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस’ हे वाक्य चटकन तोंडी येतं. पण औषधांबद्दलच्या स्वतःच्या पुस्तिकेत याच संघटनेने म्हटलं आहे की सभासदाने डॉक्टर होऊ नये. म्हणजे मी मागतोय ती सुधारणा बाहेरून लादलेली नाही. नियम आहे, गटागटांत तो पाळला जायला हवा.

गोळीच्या बाबतीत मीटिंग लागू पडते याला पुरावा नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. कोक्रेन संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण तपासून बारा पायऱ्यांच्या पद्धतीबद्दल अनुकूल निष्कर्ष काढला: वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त राहणारे या बाजूला सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांच्या बाजूला ३५. पण हे सगळं दारूबद्दल आहे, आणि दारूचा आकडा गोळीला लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. तरी त्यातून एक गोष्ट उचलता येते. मीटिंग कशामुळे लागू पडते याचा शोध घेणाऱ्यांना प्रार्थनेपेक्षा दोन साध्या गोष्टी वजनदार दिसल्या: भोवतालची माणसं बदलतात, आणि ‘मला जमेल’ हा विश्वास वाढतो. या दोन्ही गोष्टी फक्त दारूच्या नाहीत. गोळीच्या बाजूचा पुरावा पाहिला तर कॅनडात क्विबेकमधल्या औषध दुकानांतून ३०३ वृद्धांवर झालेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. एका गटाला फक्त एक पुस्तिका दिली: गोळीचे धोके, आणि ती टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची याचं वेळापत्रक. सहा महिन्यांनी त्या गटातल्या २७ टक्के लोकांची गोळी सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्के. साध्या, नेमक्या माहितीने एवढं होत असेल, तर तीच माहिती अनुभवी माणसाच्या तोंडून आणि आठवड्याला एकदा मिळाली तर आणखी उपयोग होईल, हा माझा तर्क आहे. सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मी तो मांडत नाही.

तर्काला आधार डोस उतरवण्याच्या स्वरूपातच आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं भेटतात. त्रास पहाटे तीनला होतो. उतरत्या डोसात जुनी भीती, जुनी अनिद्रा दुप्पट जोराने वर येते आणि रुग्णाला वाटतं, मूळ दुखणंच परत आलं, म्हणजे मला गोळी लागतेच. इथे ‘मलाही तिसऱ्या महिन्यात असंच झालं होतं, आठवड्यात ओसरलं’ हे वाक्य औषधाइतकं कामाचं असतं, आणि ते तेच बोलू शकतात जे त्यातून गेलेत. या शहराला ही पद्धत परकी नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून बरा झालेला रुग्ण हाच पुढच्याचा मित्र, हे तिथलं सूत्र राहिलं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गटही तिथे उभा राहिला.

आता उरलेले आक्षेप. पहिला: ‘मी डॉक्टरांनी सांगितलं ते केलं, मी व्यसनी कशी?’ बरोबर आहे. शरीराला सवय लागणं आणि व्यसन यांत फरक आहे. चिठ्ठीप्रमाणे गोळी घेणाऱ्या बाईला स्वतःच्या दोषांची यादी करायला लावणारी चौथी पायरी अन्यायाची वाटू शकते. तिने ती पायरी बाजूला ठेवून फक्त शेअरिंगला बसावं. मीटिंगची अट पूर्वीपासून ‘सोडायची इच्छा’ एवढीच आहे. दुसरा आक्षेप देवाचा. ‘आपल्याला समजेल तशी’ शक्ती मानायची मुभा आहे, आणि न मानणाऱ्यासाठी गट हीच ती शक्ती होऊ शकते. तिसरा जास्त गंभीर: घाबरट माणसं एकत्र बसली की भीती वाढते; एकाने सांगितलेला त्रास दुसऱ्याला उद्या जाणवू लागतो. मोकळ्या गप्पांत हा धोका मोठा असतो. मीटिंगमध्ये वेळेची मर्यादा, मध्ये न बोलण्याचा नियम आणि गोळी सुटलेल्या जुन्या सभासदांची हजेरी यामुळे तो आटोक्यात राहू शकतो, नाहीसा होत नाही. चौथा आक्षेप खास पेठेतला: जिथे आजोबांपासूनची ओळख निघते तिथे नाव लपवून काय उपयोग? आणि संध्याकाळची, बहुतेक पुरुषांची मीटिंग साठीतल्या बाईला परकीच वाटणार. यावर उपाय म्हणजे दुपारची, बायकांची वेगळी बैठक, आणि हवी तर नदीपलीकडे.

या सगळ्यातून कामाची वाटणी स्पष्ट होते. डोस किती आणि कधी उतरवायचा हे डॉक्टर ठरवतील. फिट आलेल्या, गरोदर किंवा दारूही पिणाऱ्या रुग्णाने तर त्यांच्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं येतेय हे पहिल्यांदा कळतं मेडिकलवाल्याला. त्याने वहीत नोंद करून थांबू नये, ‘डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या’ एवढं म्हणावं. मीटिंगने गोळीला हात लावू नये. तिने दिवस मोजायचेच असतील तर वेळापत्रक पाळल्याचे मोजावेत: ठरलेला डोस ठरल्या वेळी, त्याहून जास्त नाही आणि घाईने कमीही नाही. मग पाव गोळीवर आलेल्या बाईच्या नावावर शून्य राहणार नाही, आणि शेवटची पाव गोळी सुटायच्या आधीच तिला टाळ्या मिळतील. हे जमणार नाही अशा गटात तिने जाऊ नये; जमत असेल तर घरी एकटीने झुरण्यापेक्षा ती खुर्ची नक्कीच बरी.