ढाक्याचे वाचनपाठ

ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेविषयीच्या आपल्या अहवालात एक अत्यंत व्यवहारी प्रश्न उपस्थित केला: इंग्रजीचा अभ्यास अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? विम्याचा करार मुदतीपूर्वी मोडला तरी काही रक्कम हाती येते. तद्वत् अभ्यास कोठेही खंडित झाला तरी विद्यार्थ्याला त्याचे काही फळ मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुष्कळ मुले शाळा मध्येच सोडतात हे ध्यानी घेऊन त्यांनी संभाषण व लेखन यांच्याआधी वाचनाला अग्रस्थान दिले. मला हा विचार केवळ शास्त्रीयच नव्हे, तर करुणेचाही वाटतो.

प्रचलित पाठ्यपुस्तकांत नवे शब्द दाटीने येत आणि पुन्हा भेटेपर्यंत विस्मृतीत जात. सबब वेस्ट यांनी आपल्या वाचनमालेत दुर्मीळ शब्दांऐवजी नित्य वापरातले शब्द योजले, नव्या शब्दांत अंतर राखले आणि आलेला शब्द वारंवार येत राहील अशी तजवीज केली. त्यांची सुमारे २००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सुप्रसिद्ध सूची १९५३ साली निघाली.

शब्दांच्या दाटीचा हिशेब पुढे अधिक काटेकोर झाला. अडीचशे शब्दांच्या पानावर शेकडा ९५ शब्द परिचित असले, तरी बारा-तेरा अनोळखी उरतात, आणि ज्या शेजाऱ्यांवरून अर्थाचा तर्क करावयाचा तेच पुष्कळदा अपरिचित निघतात. हेच प्रमाण ९८ झाले की अवघे पाच उरतात व वाचन निर्वेधपणे चालते. कथात्म मजकूर कोणाच्याही साहाय्यावाचून समजण्यास बहुतेकांना एवढा परिचय लागतो, असा निष्कर्ष न्यूझीलंडचे पॉल नेशन व त्यांच्या सहकारी संशोधिका यांनी २००० साली मांडला. म्हणूनच शब्दार्थांच्या याद्या घोकून घेण्याच्या शिरस्त्याला मुलाच्या आवाक्यातील विपुल वाचनाची जोड न मिळणे मला अन्यायाचे वाटते.

श्रवणाची अडचण मात्र निराळी आहे. कागदावर सुटा दिसणारा इंग्रजी ‘अँड’ बोलण्याच्या ओघात नुसता ‘न्’ होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो, आणि ‘ब्रेड अँड बटर’ हे तिन्ही शब्द ठाऊक असलेला मुलगा ‘ब्रेडन्बटर’ ऐकून गोंधळतो. त्याचा शब्दसंग्रह तोकडा नसतो. त्या शब्दांची ओळख फक्त डोळ्यांना झालेली असते, कानांना नव्हे. अशा मुलाला आधी नुसते ऐकवावे, मग तोच उतारा समोर ठेवून पुन्हा ऐकवावा, आणि तिसऱ्या वेळी पुस्तक मिटवून.