पिस्तुलाच्या मुठीला ‘टाकी’: स्टिपलिंग म्हणजे काय, आणि ते घरी करावं का?

पाटा गुळगुळीत झाला की वाटण घसरतं. मग त्याला टाकी लावून घेतात. छिन्नीने बारीक खड्डे पाडले की दगड पुन्हा खरखरीत होतो. पिस्तुलाच्या मुठीवरही हेच करतात, त्याला स्टिपलिंग म्हणतात. गरम सोल्डरिंग आयर्नने पॉलिमरच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या मुठीवर ठिपके पाडणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दिसायला सोपं वाटतं, पण आधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पकड एवढी महत्त्वाची का?

सुकापूरच्या शेजारी, पनवेलमध्ये ऑलिंपियन सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. त्या स्वतः रायफलच्या नेमबाज. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली होती. पिस्तुलात मात्र सगळा भार एकाच हातावर असतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात आणि १० गुणांचं वर्तुळ असतं फक्त ११.५ मिलिमीटरचं.

पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३० सेंटिमीटर अंतर धरा. त्यांची जुळणी १ मिलिमीटरने चुकली, तर १० मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटरहून जास्त सरकतो. त्यात पनवेलची दमट हवा आणि घामेजलेला तळहात. मूठ निसटू नये म्हणून नेमबाज ती आवळतो आणि जास्त आवळली की हात थरथरतो. खरखरीत मूठ कमी जोरात धरता येते आणि प्रत्येक शॉटला हात त्याच जागी राहतो. स्टिपलिंगचा खरा फायदा हाच.

लाकूड वेगळं, पॉलिमर वेगळं

स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची आणि स्क्रू काढून वेगळी करता येणारी असते. तिथे छोट्या फिरत्या अवजाराने ठिपके कोरतात. चूक झाली तर लाकडाची पुट्टी भरता येते. पॉलिमर मात्र वितळतं. खड्डा खोल गेला तर तो पूर्वीसारखा भरून येत नाही. अनेक पॉलिमर पिस्तुलांत मूठ आणि सांगाडा एकसंधच असतो, म्हणजे मूठ बिघडली की पिस्तूलच बिघडलं.

कायदा काय सांगतो?

४.५ मिलिमीटर (०.१७७ इंच) आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला भारतात शस्त्र परवाना लागत नाही. परवान्याच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. म्हणून अशा पिस्तुलावर घरी प्रयोग करू नका, परवानाधारक कारागिराकडे जा.

एअर पिस्तुलाची मूठ घरी करायची असेल तर

- आधी प्रशिक्षकांना दाखवा. मूठ हाताला मोठी किंवा लहान असेल, तर ठिपक्यांनी ती बसणार नाही.
- पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, मूठ काढा आणि पिस्तूल बाजूला ठेवा.
- पेन्सिलने हद्द आखा. ट्रिगरजवळचा भाग आणि कडा गुळगुळीत राहू द्या.
- आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.
- पॉलिमर तापवताना निघणारा धूर घातक असतो, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा किंवा मोकळ्या जागेत बसा. लाकूड कोरताना मास्क आणि चष्मा लावा.
- ठिपके उथळ ठेवा. फार टोकदार झाले तर ६० शॉटनंतर तळहात सोलवटतो.

स्पर्धेत मनगट मोकळं दिसायला हवं, त्याला मुठीचा आधार मिळता कामा नये, हा नियमही लक्षात ठेवा.

तरीही मन धजत नसेल, तर ग्रिप टेप लावून महिनाभर सराव करा आणि शॉटच्या मध्ये कोरड्या नॅपकिनने हात पुसा. टेप आवडली नाही तर काढून टाकता येते, पाडलेले ठिपके मात्र कायमचे.