घर घ्या, पण मागच्या खोलीचे



धान मळून झाले की आपल्या झाडीपट्टीत घराच्या गोष्टी निघतात. मुलगी बारावी झाली, आता गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला शिकायची. मग किरायाची खोली, मेस, जाणेयेणे. चार वर्षे किराया भरून हाती काही राहत नाही. त्यापेक्षा तिथेच लहानसे घर घ्यावे, असे तुमच्या मनात येत असेल तर ते वावगे नाही. फक्त मागे किंवा बाजूला स्वतंत्र खोली असलेले घर पाहा. पुढे आपली माणसे राहतील आणि मागची खोली कर्जाचा थोडा भार उचलेल.

अशा खोलीला गिऱ्हाईक आहे. गडचिरोलीत 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झाले, चंद्रपूरला 2015 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. बल्लारपूरला कागद कारखाना, घुग्घुसला कोळसा खाणी. बदलीवर येणारे नोकरदार खोली शोधतच असतात.

पण खोली खरोखर स्वतंत्र हवी. तिचे दार वेगळे, संडास-न्हाणी वेगळी, विजेचे मीटर वेगळे. आपल्या स्वयंपाकघरातून किरायादार ये-जा करू लागला की महिन्याभरात कुरबुर सुरू होते. घर मे महिन्यात, भर दुपारी पाहा. टिनाखालची खोली तेव्हा भट्टी होते आणि विहिरीचा तळही तेव्हाच दिसतो. घरधनिणीला सोबत न्या. पाणी कुठून येते, हे ती पहिल्यांदा विचारते.

आता कागद. इथेच आपला माणूस फसतो. प्लॉट अकृषक झाला आहे का, 7/12 वर ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिले आहे का, जागा नझुलाची आहे का, हे तहसीलमध्ये विचारा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. झुडपी जंगलाच्या नोंदीची जागा तर लांबच ठेवा. ही जमीन वनजमीनच, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले आहे. स्वस्त मिळते म्हणून भुलू नका.

कागद चांगला असला तरी जमीन पाहा. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी भुयारी खाण होती. त्याच वर्षी जुलैत चंद्रपुरात इरईचे पाणी वस्त्यांत शिरले. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आले होते ते.

हिशेब कडक मांडा. समजा हप्ता 9 हजार, किराया 3 हजार. सुट्टीत विद्यार्थी गावी जातात, म्हणून किराया 9 महिन्यांचाच धरा : 27 हजार. वर्षाचा हप्ता 1 लाख 8 हजार. म्हणजे 81 हजार आपल्यालाच भरायचे. धानाचा चुकारा वर्षातून एकदा येतो, हप्ता दर महिन्याला. एक हंगाम बुडाला तर काय, याचे उत्तर घरात मिळाल्याशिवाय सही करू नका. आणि यासाठी बांधी तर मुळीच गहाण टाकू नका.

खोली देताना 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो नसला तर वादात किरायादाराचे म्हणणे खरे धरले जाते. पोलीस ठाण्यातही किरायादाराची माहिती द्या. मी एकदा ओळखीवर, तोंडी बोलीने खोली दिली होती. पाच महिन्यांचा किराया बुडालाच, आणि चावी परत मिळवायला आणखी चार महिने फिरलो.