घरगुती वीजमागणीचे संगणकीय प्रारूप : सरासरीपलीकडचा हिशोब

गावासाठी रोहित्र किंवा सौर सूक्ष्मग्रिड उभारताना पहिला प्रश्न क्षमतेचा असतो. क्षमता कमी पडल्यास पुरवठा खंडित होतो. अवाजवी ठेवल्यास भांडवल अडकून पडते. मासिक देयकावरून वापरलेली युनिट्स कळतात. परंतु कोणत्या क्षणी किती भार येईल, हे कळत नाही. त्यासाठी संगणकीय प्रारूप उपयुक्त ठरते.

या पद्धतीत मागणीची मांडणी घरापासून सुरू होते. प्रत्येक घरातील उपकरणे, त्यांचे वॅट, वापराची वेळ व कालावधी नोंदवला जातो. त्या मर्यादेत प्रत्येक उपकरण केव्हा सुरू होईल, हे संगणक यादृच्छिक पद्धतीने ठरवतो आणि असा दिवस शेकडो वेळा घडवून पाहतो. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठाचे ‘क्रेस्ट’ प्रारूप याच रीतीने मिनिटागणिक मागणी काढते. लोकांच्या दिनचर्येचे सर्वेक्षण हा त्याचा पाया आहे. भारतातही २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर वेळ-वापर सर्वेक्षण झाले आहे.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. शंभर घरांत प्रत्येकी ५०० वॅटचा मिक्सर असून तो सकाळी ६ ते ८ या वेळेत कधीतरी १० मिनिटे चालतो. सर्व मिक्सर एकाच वेळी सुरू धरल्यास भार ५० किलोवॉट होतो. प्रत्यक्षात एका क्षणी सरासरी आठच मिक्सर सुरू असतात, म्हणजे सुमारे ४ किलोवॉट. मात्र योगायोगाने एखाद्या क्षणी पंधरा मिक्सरही एकत्र चालू शकतात. तेव्हा भार साडेसात किलोवॉटवर जातो. रचना या शिखराला पुरणारी हवी, सरासरीला नव्हे.

आता त्याच गावात वीज केवळ अर्धा तास असेल, तर सर्वांची कामे त्याच वेळेत एकवटतात. सरासरी भारच साडेसोळा किलोवॉटच्या घरात जातो. म्हणून अखंड पुरवठ्याच्या शहरावरून बेतलेले प्रारूप भारनियमनाच्या गावाला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांचे योगदान येथेच मोलाचे ठरते. सर्वेक्षणात उपकरणांच्या यादीबरोबर पुरवठ्याच्या वेळा, पाणी भरण्याची वेळ, पेरणी-कापणीच्या काळातील बदललेली दिनचर्या आणि नजीकच्या काळात घ्यावयाची उपकरणे यांचीही नोंद घ्यावी. प्रारूपाचे निष्कर्ष रोहित्रावरील मीटरच्या नोंदींशी ताडून पाहावेत. नोंदी जितक्या वास्तव, तितका अंदाज विश्वासार्ह.