डाव्या लेनचा हिशेब

2025 च्या जुलैच्या सुरुवातीला राज्यातले वाहतूकदार ई-चलानच्या विरोधात संपावर गेले. त्याच महिन्याच्या 26 तारखेला बोरघाट उतरणारा एक कंटेनर ट्रेलर वीसेक गाड्यांवर आदळला. एका महिलेचा जीव गेला, कित्येक जण जखमी झाले. ब्रेक निकामी झाले, असे प्राथमिक तपासात समोर आले. पहिल्या बातमीत ट्रकवाल्यांची अरेरावी दिसली आणि दुसरीत निष्काळजीपणा, म्हणून आपण पान उलटले. या दोन बातम्यांचे मूळ मात्र एकाच जागी आहे. ती जागा म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची डावीकडची लेन आणि आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंतचा घाट.

नियम वाचकांना ठाऊक आहे. जड वाहनाने डावीकडच्या लेनमध्ये राहायचे, पुढे जायचे असेल तर मधली लेन घ्यायची आणि काम झाले की परत डावीकडे यायचे. दुभाजकालगतची लेन त्याच्यासाठी नाही. 2025 मध्ये वेगाची मर्यादा सपाटीवर 80, घाटात 40 होती. जुलै 2024 मध्ये या मार्गावर ‘आयटीएमएस’ ही कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. ती वेग, सीटबेल्ट, लेन कटिंग असे सतरा प्रकारचे नियमभंग टिपते. हायवे पोलिसाच्या नजरेतून सुटणे शक्य होते, कॅमेऱ्याच्या नजरेतून ते जवळपास अशक्य आहे. मला हे चांगलेच वाटते. 2016 मध्ये या एकाच रस्त्यावर 151 माणसे मेली होती. त्यातले बरेच मृत्यू पुढे थांबलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या ट्रकवर मागून धडकून झाले होते. लेनची शिस्त नसेल तर काय होते, हे यापेक्षा वेगळे सांगायला नको.

पण शिस्त कोणत्या रस्त्यावर मागतो आहोत, तेही पाहायला हवे. कळंबोलीहून निघालेला सहा लेनचा द्रुतगती मार्ग आणि खोपोलीकडून येणारा चार लेनचा जुना महामार्ग घाटात एकत्र येतात आणि सहा लेनवरून पुढे जातात. दहा लेनची वाहतूक सहा लेनमध्ये, तीही चढावर आणि वळणावर. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे बाजूच्या रस्त्याने येणारी वाहतूक मुख्य रस्त्याला डावीकडूनच मिळते. म्हणजे संथ ट्रकसाठी राखलेली लेन आणि नव्याने घुसणाऱ्या गाड्यांची लेन एकच. चाळीस टन घेऊन पंधरा-वीसच्या वेगाने चढणाऱ्या ट्रकच्या नाकासमोर एखादी मोटार येते आणि तिला लगेच मधल्या लेनमध्ये जायचे असते. ट्रकचालकाने ब्रेक मारला तर गेलेला वेग परत मिळत नाही. गिअर उतरवावा लागतो आणि चढावर गाडी बंद पडण्याची भीती असते. नाही मारला तर धडक. मग तो उजवीकडे सरकतो आणि चलान पडते.

इथे ट्रकच्या केबिनचा विचार करा. चालक उजवीकडे बसतो. डावीकडे, केबिनच्या खाली आणि थोडे मागे, त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. आरसे असले तरी एखादी छोटी मोटार किंवा दुचाकी त्या पट्ट्यात पूर्ण लपते. ही बाजू पिढ्यान्‌पिढ्या क्लीनरने सांभाळली. ‘येऊ दे, येऊ दे’, ‘थांब, डावीकडे गाडी आहे’ हे सांगणारा दुसरा डोळा तोच. संपातल्या मागण्यांमध्ये जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती रद्द करावी, अशीही मागणी होती. मालकांचा मुद्दा समजतो. तरुण पोरे या कामाला मिळत नाहीत, भाडे वाढत नाही, दुसऱ्या माणसाचा पगार कुठून काढायचा? तरीही या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या घाटात सगळी घुसखोरी डावीकडून होते, तिथे डावी बाजू पाहणारा माणूस आधी काढायचा आणि कॅमेरा किंवा सेन्सर नंतर कधीतरी बसवायचा, हा क्रम जीवघेणा आहे. आधी उपकरण बसवा, ते चालते का ते तपासा, मग सक्ती काढा.

आता ओव्हरटेकचा हिशेब. मोटारवाल्यांचा सगळ्यात मोठा राग यावर आहे: एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकायला निघतो आणि किलोमीटरभर दोन लेन अडवून बसतो. मालवाहू गाड्यांना 80 वर वेग रोखणारा गव्हर्नर सक्तीचा आहे. समजा, सोळा मीटरचा एक ट्रेलर 75 ने चालला आहे आणि तेवढाच लांब दुसरा 80 ने त्याला मागे टाकतो आहे. मागेपुढे पंचवीस-पंचवीस मीटर अंतर धरले, तर त्याला सुमारे 82 मीटर जास्त कापायचे आहेत, तेही ताशी फक्त पाचच्या फरकाने. लागतात जवळपास 59 सेकंद, आणि तेवढ्यात रस्ता सरतो सव्वा किलोमीटरहून जास्त. घाटात 20 ने चढणाऱ्याला 25 वाला मागे टाकतो, तेव्हा अंतर कमी होते, चारशे मीटरच्या आसपास, पण वेळ तोच: एक मिनिट. ताशी साठने मागून येणारी मोटार त्या मिनिटात एक किलोमीटर पुढे आलेली असते. तेवढ्यात तिसरा ट्रक दुभाजकालगतच्या लेनमध्ये शिरला की पूर्ण रस्त्याला भिंत उभी राहिली.

जर्मनीत ट्रकना अशीच 80 ची मर्यादा आहे आणि तिथल्या मोटारचालकांची तक्रारही हीच. 2008 मध्ये हाम इथल्या उच्च न्यायालयासमोर असे एक दंडाचे प्रकरण आले. न्यायालयाने ट्रकने ओव्हरटेक करणे चूक ठरवले नाही. किती वेळ रस्ता अडवणे चालेल, ते ठरवले. ओव्हरटेक साधारण 45 सेकंदांत संपला पाहिजे, आणि त्यासाठी दोन वाहनांच्या वेगात ताशी दहाच्या आसपास फरक हवा. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ‘लेन कापली’ एवढेच न पाहता किती वेळात, किती फरकाने आणि त्यामुळे कोण अडले, हे त्यात पाहिले आहे. चालकाला आधीच कळते की पाचचा फरक असेल तर मागेच राहायचे. आपल्या मार्गावरच्या कॅमेऱ्यांना गाडी किती वेळ मधल्या लेनमध्ये होती हे मोजता यायला हवे. मग दंड त्या वेळेवर लावता येईल. गर्दीच्या तासांत ठरावीक पट्ट्यात ट्रकना ओव्हरटेकच बंद ठेवायचा, हा नेदरलँड्समध्ये वापरला जाणारा उपाय आपल्या घाटातही करता येईल. त्याच्या पाट्या मात्र दोन किलोमीटर आधीपासून हव्यात, मराठी आणि हिंदीत, ट्रकच्या केबिनमधून वाचता येतील एवढ्या मोठ्या.

उताराचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मी वाहतूकदारांच्या बाजूने अजिबात नाही. घाटातली 40 ची मर्यादा फार कमी आहे, असे ते म्हणत होते. चाळीस टन वजन पाचशे मीटर खाली आणायचे म्हणजे जी ऊर्जा सुटते, तिने सहाशे लिटर थंड पाणी उकळता येईल. यातली जेवढी उष्णता इंजिन खाते तेवढी चांगली, उरलेली सगळी ब्रेक ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की पकड सुटते, पाय दाबून काही होत नाही. म्हणून जुने चालक नव्यांना सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरवणारे या नियमाला हरताळ फासतात, आणि तसे करायला भाग पाडणारे मालकही आहेत. 2018 मध्ये केंद्राने एका ॲक्सलवरचा परवानगीचा भार 10.2 टनांवरून 11.5 टन केला. भार वाढला. जुन्या गाड्यांचे ब्रेक आणि इंजिन तेच राहिले.

चलानाच्या रकमेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. केंद्रीय कायद्यात जड वाहनाच्या अतिवेगाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे. चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावाने निघते, आणि अनेक मालक ते चालकाच्या पगारातून कापतात. मोटार वाहन नियमांमध्ये 2021 मध्ये आलेल्या 167-अ या नियमाने कॅमेऱ्याच्या चलानाची सूचना पंधरा दिवसांत पोचली पाहिजे, कॅमेऱ्याचे प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे आणि कॅमेऱ्याआधी इशाऱ्याची पाटी असली पाहिजे, असे बजावले. चालकाला मात्र दंड कळतो महिन्यांनी, पासिंगच्या वेळी, एकदम वीस-पंचवीस चलानांची यादी समोर आल्यावर. अशा दंडातून चालकाच्या सवयीत काय बदल होणार? पहिले चलान दुसऱ्या दिवशी, फोटोसह, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर आले तर होईल. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 पासून 2025 पर्यंत दिवसाला आठ तास काम सांगत होता. चौदा तास स्टिअरिंग धरलेल्या माणसाचे चलान काढताना ते तास कोणताच कॅमेरा मोजत नाही.

जुनी चलाने सरसकट माफ करा, ही वाहतूकदारांची मागणी मान्य करू नये. त्याने नियम पाळणाऱ्या चालकावर अन्याय होईल. पण आडोशी ते खंडाळा या पट्ट्यातली लेन कटिंगची चलाने स्वतंत्रपणे तपासायला हवीत. प्रत्येक फोटोत डावीकडून घुसणारे वाहन होते का, ते पाहायला हवे. कारण हा पट्टा रस्ते विकास महामंडळालाच अपुरा वाटला, म्हणून तर त्याला वळसा घालणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चे काम हाती घेतले. 13.3 किलोमीटरचा नवा रस्ता, जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा, दरीवरचा पूल आणि सुमारे सहा किलोमीटरची बचत. त्याची मुदत वारंवार पुढे गेली. या पट्ट्यासाठी खालापूर टोलनाक्यानंतर आणि जुना महामार्ग मिळतो तिथे लेन हळूहळू कमी करत आणणे, तिथे उभे राहून वाहने एकाआड एक सोडणारा पोलीस आणि डावीकडच्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी तातडीने हलवणारी क्रेन, एवढे तर करता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि मोटार चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. घाटात ट्रकच्या डावीकडून पुढे जाऊ नका. त्याच्या पुढे शिरल्यावर लगेच ब्रेक मारू नका. तो मधल्या लेनमध्ये असेल तर मागे थांबा, हॉर्न वाजवू नका. बहुतेक वेळा तो एका मिनिटात डावीकडे जाणारच असतो.