कुरळ्या केसांना जपा

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे नाव निजामशाहीच्या मूळ घराण्याशी जोडलेले आहे. त्याच निजामशाहीचा कारभार पुढे इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरने सांभाळला आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. आफ्रिकी वळणाचे घट्ट कुरळे केस मराठवाड्याला निदान तेव्हापासून ठाऊक आहेत. कर्नाटकातल्या हल्याळ-येल्लापूर भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजात ते आजही दिसतात.

तरीही असे केस असलेल्या मुलीला आपल्याकडे ‘झिपरी’ म्हणतात आणि तेल थापून तिच्या करकचून वेण्या घालतात. हे थांबायलाच हवे. सतत ताण बसला की कपाळाजवळचे केस गळतात, कधी कधी कायमचे.

या केसांचे मूळच वक्र असते. टाळूचे तेल वळणे घेत टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून केस कोरडे पडतात आणि वळणावर तुटतात. रोज न्हाऊ नये. केस ओले असताना कंडिशनर लावावे, रुंद दातांचा कंगवा घ्यावा आणि गुंता टोकाकडून मुळाकडे सोडवावा. ओली बट बोटाभोवती गुंडाळून सोडली की स्प्रिंगसारखी आखडते. तो तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने केस रखरखीत होतात, त्यामुळे शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. झोपताना सॅटिनचा रुमाल बांधा.

आणि आयांनो, लेकीचे केस सरळ करून आणण्याआधी तिला एकदा विचारा.